जांभळं संत्रं

"टामी खाली ठेव आणि मग वर ये," मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ओरडले.

"टामी माह्यासंगं येईल, सिस्टर. तुमी बाजूले व्हा."

देवानंद रामटेके अर्ध्या जिन्यावर थांबला होता. टायर रिंगमधून काढायची ती लोखंडी टामी त्याच्या उजव्या हातात होती. कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानात तो कामाला होता, त्यामुळे टामी हातात असण्यात नवल नव्हतं. पण एरवी तो ती खांद्यावर टाकून गाणी म्हणत हिंडायचा. आज त्याने ती मधोमध आवळून धरली होती आणि तोंडात गाणं नव्हतं.

"हेमराज वर हाय का?"

"नाही."

हेमराज वर होता. माझ्या पाठीमागे, मलमपट्टीच्या खोलीपलीकडच्या न्हाणीघरात पालथ्या बादलीवर बसला होता. त्या न्हाणीघराची कडी दिवाळीपासून तुटलेली होती. दर मीटिंगला मी ती बसवून द्या म्हणायचे, आणि दर मीटिंगला सगळे गंभीरपणे माना डोलवायचे. खोटं बोलताना माझा आवाज चढतो, हे माझ्या घरच्यांना चांगलं ठाऊक आहे. देवानंदला ठाऊक नव्हतं, हे माझं नशीब.

आमचं केंद्र म्हणजे नागपुरातल्या जुन्या ट्रान्सपोर्ट गल्लीत, पार्सलच्या गोदामावरच्या तीन खोल्या. सुईने नशा करणारे लोक तिथे यायचे, आंघोळ करायचे, जखमा धुऊन घ्यायचे, वापरलेल्या सुया डब्यात टाकून नव्या न्यायचे. ज्यांना सुटायचं असे त्यांना जिभेखाली ठेवायची गोळी मिळे, ती रोज माझ्यासमोर घ्यावी लागे. "गर्दुल्ल्यांना सुया वाटता म्हणे तुम्ही?" असं नातेवाईक नाक मुरडून विचारायचे. मी म्हणायचे, हो, तुम्ही हळदीकुंकवाला वाण वाटता, मी सुया वाटते. पुन्हा कुणी विचारायचं नाही.

त्या दिवशी मी एकटीच होते. केंद्राचे साहेब जिल्हा कार्यालयात गेले होते आणि गोदामाचे हमाल जेवायला. फेब्रुवारीतली टळटळीत दुपार होती. मी दाराच्या चौकटीत दोन्ही हात टेकून उभी राहिले. माझं वजन तेव्हा बऱ्यापैकी होतं, त्याचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

"कुंडली आली म्हनते," देवानंद म्हणाला. "पुन्याहून."

"कोणी सांगितलं?"

"सुगतनं. सकाळी गोळी घ्यायले आला तवा तुमी फोनवर बोलून रायल्या होत्या."

सुगत त्याचा धाकटा भाऊ. सगळं घोडं त्याच्यापाशीच अडलं होतं. दोघे भाऊ वर्षभरापासून सुई सोडून माझ्याकडे गोळीवर होते. देवानंद दुकानात टिकला होता, सुगतला कुरिअरचं काम लागलं होतं, अंगावर मांस चढलं होतं. दिवाळीनंतर उमरेडच्या एका मुलीशी त्याचं जमलं. मुलगी चांगली होती, सगळं माहीत असून हो म्हणाली होती. पण तिच्या काकाने साक्षगंधाआधी रक्ताची तपासणी मागितली आणि तीत निघाली काळी कावीळ. म्हणजे हिपॅटायटिस सी, रक्तातून रक्तात जाणारी, यकृत हळूहळू खाणारी. साक्षगंध मोडलं. सुगतने एक अक्षर काढलं नाही, सायकलला टांग मारली आणि कामावर गेला. तो बोलला नाही, म्हणून देवानंदच्या डोक्यात ते दुप्पट चढलं.

त्याला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. आणि हेमराज बिसेन आयताच सापडला.

हेमराज गोंदियाकडचा. ट्रकवर क्लीनर म्हणून पंजाबच्या फेऱ्या करायचा, तिकडेच सुई लागली आणि तिकडेच कावीळही. नागपुरात उतरला तेव्हा पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "मॅडम, मेरेको काली पीलिया है, लिहून घ्या." लपवाछपवी त्याला जमत नसे. त्याच्या आधी आमच्या केंद्रात या आजाराचं नावही कुणी घेतलं नव्हतं. त्याने घेतलं, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, यानेच आणला. दोनच दिवसांपूर्वी देवानंदने त्याला चहाच्या टपरीवर गाठून भुवई फोडली होती. टाके मीच घातले. टपरीवरून निघताना देवानंदने त्याला बजावलं होतं, "कुंडलीत तुहं नाव निघू दे. मंग टाक्याले जागा ठेवनार नाही."

कुंडली हा आमच्या पोरांचा शब्द. झालं असं होतं की सहा महिन्यांपूर्वी पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या डॉ. ऋजुता बापट येऊन सगळ्यांचं रक्त घेऊन गेल्या होत्या, आणि कुणाकुणाला आजार आहे हेही अहवाल येईपर्यंत कळणार नव्हतं. ज्यांना ज्यांना हा विषाणू आहे, त्यांच्यातल्या प्रत्येकाचा विषाणू त्या अक्षर अन् अक्षर वाचणार होत्या. आमच्या पोरांना त्यांनी छान समजावलं होतं. शाळेत तुम्ही एकमेकांची वही उतरवायचात ना? मग पहिल्याने केलेली चूक दुसऱ्याच्या वहीतही यायची, आणि मास्तरला कळायचं कोण कुणाच्या शेजारी बसलं होतं. विषाणूही अंगात गेला की स्वतःला उतरवतो आणि चुका करतो. ज्या दोघांच्या चुका सारख्या, त्यांचा विषाणू एका ठिकाणचा. हा आजार गल्लीत कुठून कुठे फिरतोय, ते त्यावरून शोधायचं आणि थांबवायचं. पोरं लगेच म्हणाली, म्हणजे कुंडलीच की. बापट मॅडम हसल्या होत्या. यात कुणाची मुंडी मुरगळली जाईल हे तेव्हा त्यांच्याही डोक्यात नव्हतं आणि माझ्याही.

"कुंडली आली आहे," मी देवानंदला म्हणाले. "पण ती नावं सांगण्यासाठी नाही. तुमच्यासमोरच कबूल केलं होतं, एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही."

"मले एकच नाव पाह्यजे."

"नाही मिळणार."

तो दोन पायऱ्या वर आला. आता टामी माझ्या गुडघ्याजवळ होती. त्याचा पुढचा अर्धा तुटलेला दात मला दिसत होता. कुठल्या तरी मारामारीत गेला असणार, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

"सिस्टर, तुमी आमच्या आईसारख्या हा. पन आज मधात याल तर मी पाहनार नाही."

मी म्हणाले, "आईसारखी म्हणतोस आणि लोखंड घेऊन येतोस? वा रे पठ्ठ्या."

तेवढ्यात न्हाणीघरातून आवाज आला. आधी खोकला, आणि मग, देवा रे, खणखणीत आवाजात, "माझं सांगा, मॅडम! माझी परमिशन आहे! सांगून टाका!"

लपवाछपवी जमत नसे म्हटलं ना. मी कपाळावर हात मारला, तेवढ्यात देवानंद माझ्या हाताखालून आत घुसला. मी त्याच्या शर्टाची मागची बाजू दोन्ही हातांनी धरली. शर्ट टराटरा फाटला, पण तेवढ्यात मी मलमपट्टीचं टेबल आडवं सरकवलं आणि न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. ट्रेमधल्या बाटल्या गडगडल्या.

"हेमराजचा विषाणू वेगळा आहे!" मी ओरडले. "ऐकलंस? वेगळा! त्याने परवानगी दिली म्हणून सांगते. गल्लीतल्या एकाशीही जुळत नाही. त्याचा तिकडचाच आहे. त्याने इथे कुणाला काही दिलेलं नाही."

"झूट."

"माझा पंजाबी आहे बे!" आतून हेमराज म्हणाला.

"तू गप्प बस," मी दाराकडे तोंड करून म्हणाले.

देवानंद धापा टाकत उभा होता. टामी वर उचललेली होती, पण ती कुणावर आणायची हे त्याचं ठरत नव्हतं. "तुमी त्याले वाचवून रायल्या," तो म्हणाला. "तो नाही तर मंग कोन? माह्या भावाले कोन देल्लं? हवेतून आलं काय?"

माझ्याकडे त्याचं उत्तर होतं. सकाळी फोनवर बापट मॅडमनी आधी हेमराजच्या नंबरचंच सांगितलं होतं, कारण मीच घाईने विचारलं होतं. मग त्या म्हणाल्या होत्या, "पण कुंदाताई, अकरा आणि चौदा नंबर बघा. जवळजवळ एकच आहेत. इतके सारखे मी फार कमी पाहिलेत. हे दोघे सुई वाटून घेतात का?" नंबर कुणाचे ते फक्त मला ठाऊक होतं. मी म्हटलं, छे हो, शक्यच नाही. मॅडम म्हणाल्या, "मग विचारा, कसं झालं ते. आपल्याला तेच शोधायचंय. आणि लक्षात ठेवा, दोघांचा एक आहे एवढंच यातून कळतं. कुणाकडून कुणाला गेला, हे यंत्र सांगत नाही."

अकरा नंबर देवानंदचा होता आणि चौदा सुगतचा.

जिन्यात धडाधड पावलं वाजली. सुगत आला. अंगात कुरिअरचा निळा टीशर्ट, पाठीवर पिशवी तशीच. कुणीतरी त्याला खालून फोन केला असणार. त्याने दादाच्या हातातली टामी पाहिली, फाटलेला शर्ट पाहिला.

"दादा, घरी चाल."

"थांब. सिस्टर सांगून रायल्या तुले कोन देल्लं ते."

"मले नाही आयकाचं. सोड ना आता. जे झालं ते झालं."

"झालं? साक्षगंध मोडलं अन् झालं? मी तुले कदी कोनाची सुई लागू देल्ली नाही. कदीच नाही. सिस्टर, विचारा याले."

"खरं हाय," सुगत म्हणाला. "नवीन पाकीट फोडल्याबिगर दादा मले हात लावू देत नव्हता."

सकाळी फोन ठेवल्यापासून मला देवानंदचा राग आला होता. वर्षानुवर्षं मी याच्या हातात नव्या सुया ठेवल्या, आणि हा माझ्या तोंडावर खोटं बोलत आला, असं मला वाटत होतं. पण आता दोघांचे चेहरे बघून माझा राग डळमळला. हे खोटं बोलत नव्हते. मग झालं कसं? आणि ते कळल्याशिवाय याला नुसतं "तुझा आणि तुझ्या भावाचा एकच" म्हणून सांगितलं, तर हा विश्वास ठेवेल का? हेमराजला सोडेल का?

"देवानंद," मी म्हणाले, "तू टामी त्या टेबलावर ठेव. मी तुला तुझा अहवाल सांगते, तुझा हक्कच आहे तो. सुगतने हो म्हटलं तर त्याचाही. पण त्याआधी तुम्ही दोघं रोज कसं घेत होता, ते मला करून दाखवायचं. सगळं. जसंच्या तसं."

"कायले?"

"कारण तू खोटं बोलत नाहीस, असं मला वाटतंय. मला ते बघायचंय."

यावर तो जरा ताठ झाला. टामी टेबलावर ठेवली, पण हाताच्या अंतरावर. सुगत दाराशी भिंतीला टेकून उभा राहिला.

संत्र्यांचे दिवस होते. माझ्या डब्याच्या पिशवीत घरून आणलेली दोन संत्री होती. नर्सिंगला असताना आम्ही सुई मारायला संत्र्यावरच शिकलो, ती सवय. मी एक संत्रं घेतलं, तोंड आल्यावर लावायच्या जांभळ्या औषधाची बाटली सांडण्यातून वाचली होती, तिच्यातलं औषध सिरिंजने त्यात भरपूर भरलं आणि संत्रं त्याच्यासमोर ठेवलं.

"हा तुझा हात. जांभळं ते तुझं रक्त. आता कर."

मी कपाटातून दोन नवी पाकिटं आणि एक चमचाभर साधं पाणी दिलं. त्याने एक पाकीट फोडलं. वर्षभर त्याने सुईला हात लावला नव्हता, पण बोटं काही विसरली नव्हती. मला ते बघवत नव्हतं आणि सुगतला तर मुळीच नाही, त्याने मान फिरवली.

"पुडी एकच राहे," देवानंद समजावून सांगायला लागला. आवाज जवळजवळ नेहमीचा झाला होता. "म्हनून सगळं एकाच सिरिंजमदी घ्याचं. रेघा मोजून अर्धं माहं, अर्धं त्याचं. इमानदारीत."

त्याने सगळं पाणी ओढून घेतलं. संत्र्यात सुई खुपसली. दट्ट्या किंचित मागे ओढला, तसं जांभळं आत आलं. "लागली नस," तो सवयीने म्हणाला आणि अर्ध्या रेघेपर्यंत हळूहळू दाबत गेला. मग सुई बाहेर काढली.

"आधी तू घ्यायचास?" मी विचारलं.

"नेहमी. आधी मी, मंग सुगत. एकदम नाही. एक बिडी ओढाची. बिडी संपेतोवर मले काही झालं नाही, म्हनजे माल चांगला. मंग त्याले द्याचं." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळेत नंबर आलेलं पोर बघतं. "आई जाताना म्हने, याले जप. सोडवू तर शकलो नाही मी, लागला तोही माह्याच पायी. पन मंग जपाचं तरी ना, सिस्टर. आजकाल मालात काय काय टाकते लोकं."

"मग त्याला कसं द्यायचास?"

"नव्या सुईनं!" तो जवळजवळ ओरडला. त्याने दुसरं पाकीट दातांनी नव्हे, बोटांनी, जपून फोडलं. "पाहा. त्याच्यासमोर फोडलं. कोनी हात लावला नाही." नव्या सिरिंजचा दट्ट्या त्याने मागून काढला, आणि स्वतःच्या सिरिंजमध्ये उरलेलं अर्धं त्या नव्या सिरिंजमध्ये मागून सोडलं. दट्ट्या परत बसवला. "हे सुगतचं. सुई त्याची, कोरी."

आणि सवयीनेच, हवेचा बुडबुडा आहे का बघायला, त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली.

पाणी जांभळं होतं. फार नाही, कपडे धुताना निळीचं बोट बादलीत बुडवावं तेवढं. पण तेवढं पुरे होतं.

खाली कुणीतरी हातगाडी ओढत नेली, तिचा खडखडाट गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. देवानंद सिरिंज तशीच धरून उभा होता. त्याने ती उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"हे काय हाय?" तो हळू आवाजात म्हणाला.

आम्ही सगळ्यांना विचारलं होतं, दुसऱ्याची सुई वापरली का? सगळे म्हणाले होते, नाही. ते खरंच होतं. सुई कोरी होती. तिच्यात जे ओतलं जात होतं, ते आधी दादाच्या अंगाला लागून येत होतं.

"सिस्टर, कुंडली दाखवा."

"सुगत?" मी विचारलं. सुगतने दादाकडे बघत मान हलवली. त्याला कळून चुकलं होतं.

मी फोनवर आलेलं चित्र उघडलं. एक झाड, त्याच्या फांद्या, फांद्यांच्या टोकांना ठिपके. हेमराजचा ठिपका एकटाच लांब कोपऱ्यात. आणि इकडे एकाच डहाळीवर, एकमेकांना चिकटलेले दोन.

"हा मी?"

"हो."

"अन् हा सुगत?"

"हो."

"कोनापासून कोनाले?"

"ते यंत्र सांगत नाही, देवानंद. खरंच नाही सांगत. मॅडमनी स्वतः सांगितलं मला."

त्याने सिरिंज टेबलावर ठेवली, त्या संत्र्याशेजारी. भोकातून जांभळा थेंब सालीवरून ओघळत होता.

"मशीन नसंल सांगत," तो म्हणाला. "संत्रं तर सांगते ना."

पुढचं इतकं झटकन घडलं की मला वाटलं, तो टामी उचलून खाली जाणार. त्याने टामी डाव्या हातात घेतली, उजवा हात टेबलावर पालथा टाकला आणि टामी डोक्याच्या वर नेली. तेव्हा मला कळलं तो काय करतोय. मी किंचाळले. सुगत दाराशी होता, त्याला पोचायला वेळ होता. माझ्या पाठीला न्हाणीघराच्या दाराचा धक्का बसला, मी बाजूला फेकले गेले, आणि हेमराजने देवानंदचं मनगट वरच्या वर दोन्ही हातांनी पकडलं. दोघे भिंतीवर आदळले. कॅलेंडर खाली आलं. हेमराजच्या भुवईचे माझे टाके उसवले आणि रक्त त्याच्या डोळ्यात उतरलं, पण त्याने मनगट सोडलं नाही.

"छोड. छोड ना बे," हेमराज दातओठ खात म्हणत होता. "परसों मले मारलं तेव्हा उजवा होता. त्याचा हिशेब माझा आहे. तू काऊन तोडते?"

टामी फरशीवर पडली. मी ती पायाने कपाटाखाली सरकवली आणि तिथेच खाली बसले.

देवानंदही बसला. भिंतीला टेकून, फाटक्या शर्टात, उजवा हात मांडीवर उताणा टाकून. तो हात आपला नसावाच असं तो त्याच्याकडे बघत होता. "म्याच देल्लं," तो म्हणाला. "रोज. माह्या हातानं. बिडी ओढून, वाट पाहून देल्लं."

सुगत त्याच्यासमोर उकिडवा बसला. मग त्याने अंगठ्याने दादाचा वरचा ओठ उचलला, बैलाचा दात बघावा तसा.

"हा कसा तुटला, सांग सिस्टरले."

देवानंदने मान झटकली.

"मी सांगतो," सुगत म्हणाला, पण बघत होता दादाकडेच. "रेल्वे लाइनीपाशी घेतली होती ती पुडी. यानं आधी घेतली. बिडी पेटवाच्या आतच हा रुळावर तोंडावर पडला. निळा झाला होता, सिस्टर. मी उरलेलं अर्धं फेकून देल्लं अन् याले पाठीवर टाकून दवाखान्यात नेलं. हा मोठा, पैलवान, अर्ध्यानं असा झाला. मी तेव्हा काडी होतो. मी आधी घेतलं असतं तर?" त्याने दादाचा खांदा धरून हलवला. "मी हाय ना? इथे बसून हाय ना मी? काळ्या काविळीची गोळी मिळते म्हने. मेलेल्याची नाही मिळत."

देवानंद रडला. मोठ्या माणसाचं रडणं मी दवाखान्यांतून खूप पाहिलं होतं, पण त्या दिवशी मीही त्यांच्यासोबत रडले, आणि कापसाच्या बोळ्याने हेमराजची भुवई दाबून धरत रडले. हेमराज म्हणाला, "मॅडम, आधी टाके घाला, मग रडा."

संध्याकाळी मी बापट मॅडमना फोन केला आणि जे पाहिलं ते सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, "आपण प्रश्नच चुकीचा विचारत होतो." पुढच्या आठवड्यापासून आमच्या केंद्रात प्रत्येक नव्या माणसाला संत्रं द्यायची पद्धत पडली. कुणी एका वाटीतलं पाणी दोघांत घ्यायचं, कुणी माल गाळायचा एकच कापूस दोघांत पिळायचं, ते सगळं जांभळ्यात उमटायचं. मग आम्ही सुयांसोबत प्रत्येकाला वेगळी वाटी आणि वेगळं पाणीही द्यायला लागलो. गल्लीत नवे आजारी कमी होत गेले. हेही मॅडमनी पुढे झाडाच्या चित्रावरूनच दाखवलं, पण त्या चित्राला पुन्हा कुणी कुंडली म्हटलं नाही.

त्या वेळी या आजाराच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात नुकत्याच फुकट मिळू लागल्या होत्या. रोज एक, तीन महिने. तिघांच्याही बाटल्या मी केंद्रात ठेवून घेतल्या, कारण देवानंद मधल्या काळात माझ्यासमोर फिरकत नव्हता आणि मला त्याची खात्री वाटत नव्हती. नशा रोखणारी गोळीही तो साहेबांकडून, मी जेवायला गेले की येऊन घ्यायचा. सुगतशी तो घरात मोजकंच बोलायचा. स्वयंपाक करून ठेवायचा आणि स्वतः बाहेर जाऊन बसायचा. सुगतच्या ताटाला, पेल्याला हात लावायचा नाही. सुगतने मला हे सांगितलं तेव्हा म्हणाला, "सिस्टर, आजारापेक्षा हे वाईट हाय."

पहिल्या गोळीच्या दिवशी मात्र सुगत त्याला ओढतच घेऊन आला. हेमराज आधीच येऊन बसला होता, त्याने गोळी गिळून मला जीभ काढून दाखवली आणि चहा मागितला. मी दोघा भावांच्या हातांवर आपापल्या बाटलीतली एकेक गोळी ठेवली आणि दोन वेगळे पेले भरले. देवानंदने नजर वर केली नाही. गोळी मुठीत धरून तो सुगतची वाट बघत राहिला.

"घे ना," तो पुटपुटला.

सुगतने गोळी तळहातावर तशीच ठेवली. "नाही."

"काऊन?"

"आधी तू," सुगत म्हणाला.

देवानंदने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने गोळी तोंडात टाकली, पेला उचलून वरून पाणी प्यायला आणि बाहेर गेला. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून त्याने खिशातून बिडी काढली, पेटवली. सुगत खोलीच्या मधोमध गोळी हातावर घेऊन उभा राहिला, आणि मी त्याला एका शब्दाने घाई केली नाही. बिडी संपली. देवानंदने ती पायरीवर विझवली आणि आत डोकं घातलं.

"चांगली हाय," तो म्हणाला. "घे आता."